घरी भरलेले काडतूस : बचत किती, भ्रम किती?

तयार माल विकत घ्यावा की कच्चा माल आणून घरी बनवावा, हा प्रश्न आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना नवा नाही. मसाला असो, साबण असो की बेकरीची खारी, गिऱ्हाईक म्हणते, "घरी केले तर निम्म्यात पडते." दुकानदार तोंडाने काही बोलत नाही, पण मनात विचारतो, "मजुरी धरली का?" अमेरिकेत हाच वाद कित्येक वर्षे एका अशा वस्तूवरून चालू आहे, जी आपल्याकडे परवान्याशिवाय घरात बनवली तर थेट तुरुंगाची वाट धरावी लागते. ती वस्तू म्हणजे बंदुकीचे काडतूस.

त्या देशात नेमबाजी हा पुष्कळ घरांतून सहकुटुंब करण्याचा छंद आहे. सुटीच्या दिवशी आई-वडील व मोठी मुले गावाबाहेरच्या क्लबात जातात, कागदी निशाणावर किंवा हवेत उडणाऱ्या तबकड्यांवर नेम धरतात आणि संध्याकाळी घरी येतात. बंदूक एकदा घ्यावी लागते, काडतुसे मात्र दर वेळी. चार माणसांनी प्रत्येकी पन्नास काडतुसे वापरली की एका फेरीत दोनशे संपली. म्हणून तिथले हजारो लोक गॅरेजमध्ये एक मजबूत टेबल मांडतात, त्यावर हातप्रेस बसवतात आणि वापरलेली काडतुसे पुन्हा भरतात. या उद्योगाला तिकडे 'रीलोडिंग' म्हणतात.

बंदूक हा आमच्या पानाचा विषय नव्हे. काडतूस कसे भरावे, हे सांगण्याचाही आमचा इरादा नाही. परंतु या छंदामागचा हिशेब इतका बोलका आहे की घरगुती उत्पादन करणाऱ्या कोणालाही त्यातून काही घेता यावे. हिशेब सारा अमेरिकेतला आहे, तेथील कायद्यात बसणारा आहे. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, ते शेवटी स्पष्ट लिहिले आहे. ते वाचल्याशिवाय कोणी पान उलटू नये.

बारदान परत येते

काडतुसात चार वस्तू असतात. पुढची गोळी, आतली दारू म्हणजे पावडर, बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी छोटी टोपी (तिला प्रायमर म्हणतात) आणि या सर्वांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार उडाला की गोळी गेली, दारू जळली, टोपी निकामी झाली. पुंगळी मात्र बंदुकीतून बाहेर पडते ती जवळजवळ जशीच्या तशी.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. धान्याचा सौदा करताना आपण बारदान वेगळे धरतो, कारण पोते रिकामे झाले तरी त्याची किंमत उरते. काडतूस हा असा माल आहे की ज्यात बारदान हा पुष्कळदा सर्वांत महाग भाग असतो. मोठ्या रायफलीची चांगल्या प्रतीची कोरी पुंगळी तिकडे एकेक डॉलरच्या आसपास पडू शकते, उलट टोपीची किंमत काही सेंटच असते. (शंभर सेंटचा एक डॉलर.) तयार काडतूस घेणारा माणूस दर वेळी नव्या बारदानाचे पैसे देतो आणि ते जमिनीवर टाकून निघून जातो. घरी भरणारा ते उचलतो. रीलोडिंगमधल्या बचतीचे मुख्य गुपित एवढेच. बाकीच्या तीन वस्तू तोही बाजारातूनच आणतो.

दुसरी एक लहान बचत कराची आहे. १९३७ साली अमेरिकेत पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा झाला. तयार काडतुसांवर कारखानदाराकडून घेतला जाणारा अकरा टक्के केंद्रीय कर या कायद्यान्वये वन्यजीव रक्षणासाठी वापरला जातो. हा कर भरलेल्या काडतुसावर आहे. सुट्या गोळ्या, टोप्या व दारूवर तो लागत नाही. घरी स्वतःपुरते भरणाऱ्याचे तेवढे आपसूक वाचते.

पितळेचा स्वभाव

आमच्या तांबट व पितळकाम करणाऱ्या वाचकांना इथे घरचा विषय सापडेल. काडतुसाचे पितळ सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असे असते. हे मिश्रण निवडण्याचे कारण म्हणजे ते ओढले, दाबले तरी फाटत नाही. बार उडताना पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते व मागून गॅस येऊ देत नाही. जोर ओसरताच किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. पण फुगलेली पुंगळी पुन्हा वापरायची तर आधी साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते.

दर वेळचे हे फुगणे आणि दाबणे म्हणजे हातोडीखाली भांडे ठोकण्यासारखेच आहे. ठोकले की पितळ कडक होते, कडक झाले की तडकते. मुरादाबादचा कारागीर असो की पुण्याच्या तांबट आळीतला, दोघांनाही ठाऊक आहे की मध्येच भट्टीचा ताव देऊन धातू नरम करावा लागतो. काटकसर करणारा अमेरिकन छंदिष्टही तेच करतो, फक्त ताव पुंगळीच्या तोंडाला देतो, बुडाला नाही. बूड नरम पडले तर ते दाब सोसत नाही. अशी काळजी घेतली तर रायफलीची पुंगळी पाच-दहा वेळा आणि पिस्तुलाची त्याहूनही अधिक वेळा चालते. काळजी न घेणाऱ्याची पुंगळी तोंडाशी चिरते आणि भंगारात जाते. भंगारातही पितळेला भाव असतोच, हे सांगायला नको.

या पितळेचा एक किस्सा आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश अमदानीत फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवली जात आणि कोणी हात न लावताही त्यांच्या पुंगळ्यांना तडे जात. कारण पुढे १९२१ मध्ये उलगडले. ओढताना-दाबताना पितळात ताण राहून जातो. त्यावर दमट हवा व घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया यांचा मारा झाला की धातू आपोआप फाटतो. म्हणूनच आजही जाणते लोक पुंगळ्या स्वच्छ करायला अमोनिया असलेले पॉलिश वापरत नाहीत. पितळेची नाजूक वस्तू विकणाऱ्या आमच्या दुकानदारांनीही पॉलिशची बाटली घेताना लेबल वाचावे, हे जाता जाता.

महाराष्ट्राला हा उद्योग परका नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावचा कारखानाही काडतुसे बनवतो. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याचे कारखाने ज्या कंपनीकडे गेले त्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालयही पुण्यातच झाले. पण हे झाले सरकारी कारखान्यांचे. घरातल्या टेबलाचा हिशेब वेगळा आहे, तिकडे वळू.

दोन खाती मांडून पाहू

पुढचे भाव आम्ही हिशेब समजावा म्हणून गोल आकड्यांत धरले आहेत. बाजार वरखाली होतो, पण प्रमाण साधारण असेच राहते.

पहिले खाते लहान पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटर काडतुसाचे. हे काडतूस सर्वत्र खपते, कारखाने ते कोटींनी काढतात, म्हणून स्वस्त. तयार काडतूस समजा पंचवीस सेंटला पडले. घरी भरायचे तर गोळी दहा सेंट, टोपी सात, दारू तीन. पुंगळी क्लबाच्या जमिनीवरून उचललेली, म्हणजे फुकट. एकूण वीस सेंट. एका काडतुसामागे पाच सेंट वाचले.

आता भांडवल. प्रेस, साचे, काटा, मापे असा साधा संच तीनशे डॉलरचा धरला, तर मुद्दल फिटायला सहा हजार काडतुसे भरावी लागतील. चार माणसांचे कुटुंब महिन्यातून दोनदा क्लबात जाऊन प्रत्येकी पन्नास बार काढत असेल, तर महिन्याला चारशे लागतात. म्हणजे सव्वा वर्ष नुसते यंत्राचे पैसे फेडण्यात गेले. पुढे महिन्याला वीस डॉलर शिल्लक.

आणि मजुरी? साध्या प्रेसवर सरावलेला माणूस तासाला शंभरेक काडतुसे काढील. म्हणजे तासाला पाच डॉलरची बचत. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे, आणि बहुतेक ठिकाणी खऱ्या मजुरीचा दर त्याहून चढा आहे. घरचा मालक स्वतःलाच किमान वेतनापेक्षा कमी पगारावर राबवून घेतो आणि वर म्हणतो, पैसे वाचले. वेगाने भरणारी महागडी यंत्रे मिळतात, पण मग मुद्दल फिटण्याची मुदत तेवढीच लांबते.

दुसरे खाते मोठ्या रायफलीच्या, लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजीसाठी लागणाऱ्या काडतुसाचे. तयार माल समजा दीड डॉलर म्हणजे दीडशे सेंट. घरी भरताना गोळी बेचाळीस सेंट, दारू अठ्ठावीस, टोपी आठ आणि एक डॉलरची पुंगळी दहा वेळा वापरली असे धरून दहा सेंट. बेरीज अठ्ठ्याऐंशी. वाचले बासष्ट सेंट. महिन्याला शंभर काडतुसे लागली तरी तीनशे डॉलरचा संच पाच महिन्यांत फिटतो. इथे काम सावकाश, प्रत्येक माप तोलून करावे लागते, म्हणून तासाला पन्नासच निघतील असे समजू. तरीही तासाला एकतीस डॉलर वाचले. शिवाय एकाच बंदुकीच्या मापाला बेतून भरलेले काडतूस पुष्कळदा दुकानातल्यापेक्षा अधिक नेमके लागते. रेडिमेड सदरा आणि शिंप्याकडून मापाने शिवलेला सदरा यांतला फरक म्हणा.

टेबल तेच, यंत्र तेच, हातही तेच. एका खात्यात घाटा, दुसऱ्यात भरपूर लाभ. कारण उघड आहे. जो माल कारखाना प्रचंड संख्येने काढतो, त्याच्याशी घरगुती उत्पादकाने भावात झुंज घेऊ नये. जो माल थोड्यांना लागतो, ज्यात नजर व निगुती लागते आणि म्हणून कारखाना ज्याचे जास्त पैसे लावतो, तिथे घरच्या हाताला जागा आहे.

तबकड्यांवर नेम धरणाऱ्यांच्या छर्ऱ्याच्या काडतुसांतही असाच अनुभव येतो. बारा बोअरचे साधे काडतूस सर्वांत जास्त खपते. त्यात एक औंस शिशाचे छर्रे असतात. छर्ऱ्यांचे पोते पंचवीस पौंडांचे, म्हणजे चारशे औंसांचे. एका पोत्यात चारशेच काडतुसे होतात आणि शिसे महागले की घरी भरण्यात काही उरत नाही. उलट चारशेदहा नावाचे अगदी बारीक काडतूस अर्धाच औंस शिसे खाते, म्हणजे त्याच पोत्यात आठशे होतात. पण दुकानात ते मोठ्यापेक्षा महाग! माल कमी, किंमत जास्त, कारण खप थोडा. बारा बोअरवाले भरणे सोडून देत आहेत आणि चारशेदहावाले प्रेस जपून ठेवत आहेत, ते याचमुळे.

जे भरताच येत नाही

खरा गमतीचा भाग याच्यापुढे आहे. मुलाबाळांसह नेमबाजी करणाऱ्या कुटुंबात सर्वांत जास्त वापरले जाते ते पॉइंट बावीसचे चिमुकले काडतूस. धक्का कमी, आवाज कमी, किंमत सात-आठ सेंट. आणि हे काडतूस घरी भरण्याची सोयच नाही. त्याला वेगळी टोपी नसते. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत पसरलेला असतो. बंदुकीची सुई ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हा सरळ करता येत नाही. वापरले की फेकले.

आता वरच्या कुटुंबाचा महिन्याचा हिशेब पुन्हा करा. चारशे नऊ मिलिमीटर तयार घेतली तर शंभर डॉलर. तीच घरी भरली तर ऐंशी, आणि चार तासांची मेहनत. तेवढीच पॉइंट बावीसची विकत आणली तर अठ्ठावीस डॉलर, मेहनत शून्य. घरी भरण्याने वाचले वीस, बंदूक बदलण्याने वाचले बहात्तर. बचतीच्या नावाने जो माणूस तीनशे डॉलरची यंत्रे विकत घेतो, त्याने आधी हा सोपा प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो. तिकडच्या जुन्या जाणत्यांत एक विनोद फार चालतो : रीलोडिंगने पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशात बार जास्त निघतात. विनोद असला तरी हिशेब बरोबर आहे. काडतूस स्वस्त झाले की माणूस कमी खर्च करत नाही, जास्त झाडतो.

टंचाईत काय होते

घरी भरणाऱ्याला बाजाराची पर्वा नाही, असा एक समज आहे. २०२०-२१ मध्ये तो चांगलाच खोटा ठरला. करोनाची साथ, दंगली आणि निवडणूक यांमुळे अमेरिकेत बंदुका व काडतुसांना अचानक अफाट मागणी आली. तयार काडतुसांचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. त्यात मोठी जुनी कंपनी रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचा आर्कान्सा राज्यातला काडतूस कारखाना दुसऱ्यांच्या हाती गेला. घरी भरणारे म्हणाले, आमच्याकडे पुंगळ्या आहेत, प्रेस आहे. पण टोप्या कुठे आहेत? टोपी घरी बनवण्याची वस्तू नव्हे. ती काढणारे कारखाने देशभरात मोजकेच, आणि त्यांनी माल आधी स्वतःच्या तयार काडतुसांसाठी वळवला. ज्यांनी वर्ष-दोन वर्षांचा साठा आधी ठेवला होता त्यांचे टेबल चालू राहिले; बाकीच्यांची यंत्रे धूळ खात पडली. २०१२ अखेरच्या सँडी हुक शाळेतील हत्याकांडानंतर बंदुकांवर निर्बंध येणार या धास्तीने खरेदीची झुंबड उडाली होती, तेव्हाही असेच घडले होते.

कच्च्या मालापैकी एक वस्तू जरी चार कारखान्यांच्या हाती असेल, तर बाकीच्या वस्तू कितीही मुबलक असोत, धंद्याची दोरी त्या चौघांच्या हाती राहते. रंगासाठी, लोकरीसाठी, चामड्याच्या रसायनासाठी परगावच्या एकाच पेढीवर अवलंबून असणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको.

साठा करावा म्हटले तर त्यालाही मर्यादा आहे. तिकडच्या आगप्रतिबंधक नियमावलीप्रमाणे राहत्या घरात कारखान्याच्या मूळ डब्यांतून वीस पौंडांपर्यंत दारू व दहा हजारांपर्यंत टोप्या ठेवता येतात. त्याहून अधिक दारूसाठी जाड लाकडाची पेटी वगैरे अटी येतात. गावोगावचे नियम याहून कडक असू शकतात.

टेबलावरून कारखान्याकडे

या छंदात पैसा नक्की कोणी कमावला, हे पाहणे मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोळ्या लष्कराकडे जात होत्या, सामान्य माणसाला मिळत नव्हत्या. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावचा फ्रेड हंटिंग्टन घरच्या लाँड्रीच्या धंद्यात होता. फेकून दिलेल्या पॉइंट बावीसच्या पुंगळ्या दाबून त्यांचेच गोळीवरचे आवरण करायचे, असा साचा त्याने १९४३ मध्ये काढला. म्हणजे जी पुंगळी पुन्हा भरता येत नाही, तिलाही त्याने कामाला लावले! लोक साचे मागू लागले, मग प्रेस मागू लागले, आणि आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. त्याच टंचाईत आयडाहोतल्या लुइस्टन येथे व्हर्नन स्पीअरने छंदिष्टांसाठी गोळ्या बनवायला घेतल्या; त्याच्या भावाने १९५१ च्या सुमारास टोप्यांचा कारखाना काढला, तो सीसीआय या नावाने आजही चालतो. नेब्रास्कातील जॉइस हॉर्नडीने १९४९ मध्ये गोळ्यांचा धंदा सुरू केला. ती कंपनीही आज मोठी आहे. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड लीने १९५८ मध्ये गरीब छंदिष्टाला परवडेल असे हातोडीने चालवायचे छोटे अवजार विकायला घेतले.

काडतुसे भरणाऱ्यांपैकी कोण श्रीमंत झाला ते आम्हाला माहीत नाही. त्यांना साचे, टोप्या आणि अवजारे विकणारे मात्र झाले.

आणि भरलेली काडतुसे विकून कमवावे म्हटले तर? १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याप्रमाणे अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून विकायला बसलात की लागतो, आणि वर सांगितलेला अकरा टक्के करही मग आपल्या शिरावर येतो. कोणाच्या बंदुकीत आपले काडतूस बिघडले तर नुकसानभरपाईचा दावा वेगळाच. अनेक बंदूक कंपन्या पुन्हा भरलेली काडतुसे वापरल्यास हमी देत नाहीत. दारूचे माप चुकून दुप्पट पडले तर बंदूक फुटते आणि हात-डोळे जातात. पाच सेंटच्या बचतीच्या खात्यात ही जोखीम कोणी लिहीत नाही.

शिशाचेही तसेच. टोपीच्या मसाल्यात शिसे असते, ते वापरलेल्या पुंगळ्यांवरच्या काजळीत उतरते. गोळ्या ओतणारे तर शिसे वितळवतातच. ही धूळ बोटांवरून घासात जाते. मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण किती दिसले की लक्ष घालावे, ती मर्यादा अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०२१ मध्ये खाली आणून डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅम केली. म्हणून शहाणी कुटुंबे हे टेबल स्वयंपाकघरापासून दूर ठेवतात, तिथे खात-पीत नाहीत आणि लहान मुलांना पुंगळ्या साफ करायला बसवत नाहीत. बॅटरी, छपाईचे जुने खिळे, झाळकाम अशा शिशाच्या कामात असलेल्या आमच्या कारागिरांनीही एवढी खबरदारी घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्यातील पाचव्या कलमाचा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची आणि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. तेव्हा वरचा हिशेब वाचून कोणी भंगारातल्या पुंगळ्या गोळा करू नयेत. भंगाराच्या व्यापाऱ्यांना तर आमचे आवर्जून सांगणे आहे, की मालात जिवंत किंवा संशयास्पद काडतूस आढळले तर त्याला भट्टी वा हातोडी लावू नये. बाजूला ठेवून पोलिसांना कळवावे.

मुलांना नेमबाजी शिकवायची हौस असेल, तर आपल्याकडे कायदेशीर आणि स्वस्त मार्ग म्हणजे एअर रायफल. तिच्यात दारू नाही, टोपी नाही, पुंगळीही नाही. दाबलेली हवा आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. दहा मीटरवरील हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि अभिनव बिंद्राचे २००८ चे सुवर्ण त्यातलेच. बावीसच्या रायफलीतही आपल्या कोल्हापूरकरांनी नाव काढले : तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेती झाली, स्वप्निल कुसाळेला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळाले. पण ती दोघे पन्नास मीटरवर जे काडतूस वापरतात, ते वर सांगितलेले, भरता न येणारेच. स्पर्धेच्या दर्जाची ही काडतुसे बहुधा परदेशातून येतात आणि तो खर्च कोणत्याही सामान्य घराला जड जातो. म्हणून सुरुवात हवेच्या रायफलीवर, तीही क्लबाची रायफल भाड्याने घेऊन करावी. स्वतःची घ्यायची वेळ आली तर २०१६ च्या नियमांतील दोन आकडे लक्षात ठेवावेत : नळीचे माप साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि जोर वीस ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, यांपैकी एकही ओलांडला तर लागतो. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत आणि बिल रायफलीबरोबरच ठेवावे.